रंग सांगा

“रंग?”

डॉक्टर एवढंच विचारायचे. एक डोळा दुर्बिणीला लावलेला, दुसरा गच्च मिटलेला, हात नळीवर, आणि मान जराही न वळवता तो एक शब्द. नवीन माणसाला वाटायचं, डॉक्टर आपली परीक्षा घेतायत. मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं. नर्सिंगचा कोर्स संपवून मी माकणीहून नुकतीच धाराशिवला आले होते आणि बसस्टँडच्या मागच्या गल्लीतल्या त्यांच्या दवाखान्यात तो माझा पहिलाच पेशंट होता. मी पुस्तकातलं उत्तर ठोकून दिलं, “नॉर्मल आहे, सर.”

“नॉर्मल नावाचा रंग मी अजून कुठल्या दुकानात बघितला नाही,” ते म्हणाले. “नीट बघा. मग सांगा.”

आमच्याकडं एंडोस्कोपीला कुणी एंडोस्कोपी म्हणत नाही. पोटाची दुर्बीण म्हणतात. त्या वेळी डॉक्टरांकडं जुन्या पद्धतीची दुर्बीण होती. काळी लांब नळी, टोकाला उजेड, आणि वरच्या बाजूला डोळा लावून बघायचं भिंग. एकाच माणसानं एकाच डोळ्यानं बघायचं. पण डॉक्टरांनी हैदराबादहून तिला जोडायची एक फांदी आणली होती, म्हणजे बाजूला दुसऱ्या माणसाला डोळा लावायची सोय. मोठ्या कॉलेजात विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी ती वापरतात. आमच्या दवाखान्यात शिकायला चिटपाखरूही येत नव्हतं, तरी ती फांदी कायम जोडलेली असायची. मी तिला डोळा लावला आणि जन्मात पहिल्यांदा माणसाचं जठर आतून बघितलं. ओलं, चकचकीत, हळूच हलणारं.

“मसुरीच्या डाळीचा रंग आहे, सर,” मी म्हणाले. “भिजवलेल्या.”

“आता कसं!” डॉक्टर इतक्या जोरात म्हणाले की पेशंट दचकला. त्या दिवसापासून मी त्या दवाखान्यात रंगारी झाले. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, याची मला आजही खात्री नाही.

ते सगळ्यांना ‘अहो’ म्हणत. मला, झाडूवाल्या मावशींना, आलेल्या लहान पोराला, आणि पोटातल्या प्रत्येक अवयवाला. “अहो जठरराव, जरा सैल सोडा की. काय एवढं आवळून बसलात?” असं चालू असायचं. पेशंटला वाटायचं आपल्याशीच बोलतायत, आणि तोही बिचारा सैल पडायचा. बुटके, अंगानं भरलेले, शर्ट नेहमी पँटच्या बाहेर, आणि पायांतल्या मोज्यांचं एकमेकांशी कधी जमायचं नाही. एक हिरवा असला तर दुसरा विटकरी. आम्हाला वाटायचं, विसराळू माणूस आहे.

‘दुर्बीण’ या शब्दानं आमची फार करमणूक केली. सास्तूरचे एक आजोबा नळी बघून उठूनच बसले. “दुर्बीण म्हणल्यावर मला वाटलं लांबनं बगताल,” ते म्हणाले. “ही तर तुमी घशात घालायलाव!” डॉक्टरांनी त्यांना पुन्हा आडवं केलं आणि गंभीरपणे सांगितलं, “लांबूनच बघतो बाबा. मी इथं बाहेर, तुमचं पोट तिकडं आत. मी कुठं आत शिरणार आहे?” आजोबांना ते पटलं.

पण खरी गंमत उपासाची. दुर्बिणीला पोट रिकामं लागतं. डॉक्टर पहिल्या पहिल्यांदा सांगायचे, “उद्या सकाळी उपास करून या.” मंगळवारी तर माणसं आपण होऊन यायची, कारण तुळजापूरच्या देवीचा वार, उपास तसाही धरलेलाच असायचा. आणि आमच्याकडं उपास म्हणजे काय, ते मराठी माणसाला सांगायला नको. तामलवाडीच्या एक बाई अशाच मंगळवारी आल्या. घशात बधिर करायचा फवारा मारला, नळी आत गेली, डॉक्टरांनी डोळा लावला. मग मला खूण केली. मी फांदीतून बघितलं तर आत पांढरेशुभ्र मोती.

“रंग विचारत नाही,” डॉक्टर म्हणाले. “पदार्थ सांगा.”

“साबुदाणा, सर. दाण्याचं कूटपण आहे.”

नळी काढल्यावर बाई उलट डॉक्टरांवरच चिडल्या. “तुमीच तर म्हणलाव उपास करा म्हणून! भाकरीचा तुकडा तोंडात घातला असंल तर शपत!” त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. त्याच दुपारी डॉक्टरांनी स्वतः ब्रश घेऊन पाटी रंगवली: ‘उपास नको. निरंकार या.’ पाण्याचा थेंबही न घेता धरतात तो निरंकार उपास, हे आमच्याकडं बायाबापड्यांना चांगलं माहीत. त्यानंतर कुणाच्याही पोटात साबुदाणा सापडला नाही. पाटीतली ‘निरंकार’ ही अक्षरं डॉक्टरांच्या मते काळी होती. ती गडद हिरवी होती, पण तेव्हा कुणी त्यावर विचार केला नाही.

पेशंटबरोबर आलेल्या नातेवाइकालाही ते फांदीला डोळा लावायला लावत. दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात असलं काही चालत नसेल. नवऱ्याच्या पोटात बायको बघायची, बापाच्या पोटात लेक. आणि डॉक्टरांचा प्रश्न तोच. “रंग सांगा.” लोक आधी बिचकायचे, मग सांगायचे. अल्सर बघून एक बाई म्हणाली, “मधी पिठाळ हाय आन् कडंनं इंगळावानी.” एकानं रक्त साकळलेलं बघून “काकवीचा रंग हाय” म्हटलं. कुणाला वांग्याच्या देठाजवळचा जांभळा दिसायचा, कुणाला अंबाडीच्या बोंडाचा लाल. डॉक्टर हे सगळं कान टवकारून ऐकायचे आणि मधूनच म्हणायचे, “वा!” मी मनात म्हणायची, या माणसाला पोटांपेक्षा बोलण्याचीच जास्त हौस.

ते का विचारतात, हे मला कळलं ते एका साध्या डागामुळं. एका पेशंटला रक्ताची उलटी झाली होती. ते सगळं निस्तरून डॉक्टर दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर घरी जेवायला गेले. पाचच मिनिटांत वरून काकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, आवाज आला. मी धावत गेले. डॉक्टर पाटावर बसलेले, ताटात वरणभात, आणि पांढऱ्या बाहीवर मनगटापासून कोपरापर्यंत रक्त. काकू कपाळाला हात लावून उभ्या होत्या.

“अहो, मला वाटलं चहा सांडलाय,” डॉक्टर म्हणाले. खरोखरच त्यांना तसं वाटलं होतं.

काकू मला म्हणाल्या, “तुला सांगितलं नाही होय यांनी अजून? लाल आणि मातकट यातला फरक यांना जन्मापासून दिसत नाही. टोमॅटो आणायला पाठवलं तर निम्मे कच्चे आणतात.”

मी डॉक्टरांकडं बघतच राहिले. सबंध दिवस माणसांच्या पोटातला लालपणा शोधणारा माणूस, आणि त्याला लाल दिसत नाही! त्यांनी शांतपणे भात कालवला. “लाल अगदीच दिसत नाही असं नाही, रंगारी. लाल आणि माती, लाल आणि पाला, इथं माझी गल्लत होते. कुणी विचारलं तर मी सांगतो. आजवर कुणी विचारलं नाही.” मग घास घेऊन म्हणाले, “म्हणून तर एकट्यानं कधीच बघत नाही. रंग तुम्ही सांगायचा. चढउतार, सुरकुत्या, खरखरीतपणा हे मी बघतो. आणि दोघांपैकी एकाला जरी शंका आली, तरी तुकडा काढून तपासायला पाठवायचा.”

मला त्यांचा राग यायला हवा होता की काय, कुणास ठाऊक. मला तर भरून आलं. त्या दिवसानंतर मी जास्त जीव लावून बघायला लागले. आणि हळूहळू लक्षात आलं की हा माणूस जे बघतो ते माझ्या नजरेत येतच नाही. मी रंगाच्या मागं धावायची आणि ते एखाद्या सुरकुतीपाशी थांबायचे, हवा भरायचे, पाणी मारून धुवायचे, पुन्हा बघायचे. “ही सुरकुती इथं अडखळली बघा,” म्हणायचे. तुकडा पाठवला की बऱ्याच वेळा तिथंच काहीतरी निघायचं.

ही गोष्ट मी कौतुकानं घरी माकणीला सांगितली, आणि तिथंच सगळं बिनसलं.

माझे अण्णा, म्हणजे वडील, पोटानं बेजार होते. धरणाच्या कडेला आमची थोडी जमीन आहे, तिथं दिवसभर राबायचे आणि जेवण झालं की छातीशी हात धरून बसायचे. खिशात कायम खायच्या सोड्याची पुडी. माझे थोरले चुलते याच दुखण्यानं गेले होते. त्यांचंही असंच जळजळीनं सुरू झालं, त्यांनीही असाच सोडा खाल्ला, आणि दवाखान्यात नेलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. अण्णा दोन भाकरींवरून एकीवर आले. मी प्रत्येक खेपेला म्हणायची, अण्णा, एकदा दुर्बीण करून घ्या. ते टाळायचे. आता त्यांना फक्कड कारण सापडलं.

“ज्याला लाल दिसत न्हाय, त्याला मी पोट दावू?” अण्णा म्हणाले. “आगं, आमी पाल्याच्या रंगावरनं पिकाचं दुखणं वळखतो. त्या डाक्टरला पिकलं बोरसुदिक कळत न्हाय आन् तो माझं पोट बगणार व्हय?”

“मग सोलापूरला जाऊ.”

“तिकडं वळखीचं कोण हाय?” म्हणजे वाट दोन्हीकडून बंद. मी चिडायची, रडायची. अण्णा सोड्याची पुडी काढायचे.

इकडं दवाखान्यात दिवस पुढं सरकत होते. भिंगाची दुर्बीण गेली आणि कॅमेऱ्याची आली. आता सगळं टीव्हीवर दिसायला लागलं. नातेवाईक खुर्च्यांवर बसून पोट असं बघायचे की जणू मालिकेचा भाग चालू आहे. पुढं चित्र इतकं स्वच्छ झालं की जठराच्या अस्तरावरची बारीक जाळीसुद्धा मोजावी. डॉक्टर मात्र त्या फांदीला विसरले नाहीत. ती त्यांनी पुसून कपाटात ठेवली होती आणि अधूनमधून काढून बघायचे.

मग एके दिवशी कंपनीचा माणूस नवीन यंत्र दाखवायला आला. टाय लावलेला, गोड बोलणारा. एका पेशंटची परवानगी घेऊन त्यानं दुर्बिणीवरचं बटण दाबलं आणि पडद्यावरचं चित्र एकदम बदललं. मसुरीची डाळ गायब. सगळं हिरवट, राखाडी, आणि त्यावर रक्ताच्या बारीक वाहिन्या तपकिरी रेघांसारख्या. तो माणूस सांगत होता की यात उजेडातला लाल भाग काढून टाकतात, फक्त निळा आणि हिरवा उजेड ठेवतात. रक्त तो उजेड शोषून घेतं, त्यामुळं वरच्या थरातल्या वाहिन्या गडद उठून दिसतात आणि साध्या उजेडात न दिसणारी खराबी लवकर कळते.

डॉक्टरांनी हाका मारायला सुरुवात केली. काकूंना वरून बोलावलं, झाडूवाल्या मावशींना बोलावलं. “सांगा, कसं दिसतंय?”

“कसंतरीच दिसायलंय, डाक्टर,” मावशी म्हणाल्या. “आजारी माणसाच्या नखावानी. खरं न्हाय वाटत.”

“रंगारी, तुम्हाला?”

“मलाही खोटंच वाटतंय, सर.”

डॉक्टर हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. “म्हणजे आज सगळ्यांचेच रंग खोटे!” ते म्हणाले. “काढून टाकलाय काय, तर लाल! अहो, आयुष्यभर मी ज्याच्यावाचून चालवलं, तोच यांनी काढून टाकला. आज आपण सगळे एका रांगेत बसलो.” कंपनीच्या माणसाला काही कळलं नाही. यंत्र मात्र खपलं.

अण्णांचं कारण डॉक्टरांच्या कानावर घालायची माझी हिंमत नव्हती. शेवटी मी ते काकूंजवळ बोलले आणि त्यांनीच डॉक्टरांना सांगितलं. मला वाटलं, डॉक्टर दुखावतील. ते म्हणाले, “बरोबर आहे त्यांचं. विचारणारा पहिला माणूस भेटला!” आणि लगेच मला म्हणाले, “अण्णांना सांगा, मी फक्त नळी धरणार. रंग त्यांची लेक बघणार. आहे कबूल?”

मी अण्णांना तसंच सांगितलं. अण्णांनी दावणीच्या बैलांपुढं कडबा टाकला. “तू बगणार असशील तर येतो,” म्हणाले. मला तेव्हा कळलं की त्यांना डॉक्टरांच्या डोळ्यांची भीती नव्हतीच. थोरल्या भावाच्या पोटात निघालं ते आपल्या पोटात निघेल, याची भीती होती.

अण्णा स्वच्छ धोतर नेसून, निरंकार आले. डाव्या कुशीवर झोपले, नळी चावली जाऊ नये म्हणून दातांत प्लास्टिकची कडी धरली. मी त्यांच्या डोक्याशी उभी, एक हात त्यांच्या कपाळावर. नळी घशाखाली उतरली.

“अहो अण्णा, श्वास चालू द्या, उत्तम चाललंय,” डॉक्टर म्हणाले. मग मला, “रंग?”

“मसुरीचा.”

“पुढं?”

“मसुरीचाच, सर.”

जठराच्या खालच्या वळणाशी डॉक्टर थांबले. हवा भरली. पाणी मारलं. पुन्हा थांबले. ते का थांबतात, हे त्या गावात माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? “इथं?” त्यांनी हलकेच विचारलं.

मी पडद्याकडं बघितलं. मला आजूबाजूसारखंच सगळं दिसत होतं. मसूर, मसूर, सगळी मसूर. आणि मग तेही दिसेना, कारण डोळे भरून आले होते. माझ्या हाताखाली अण्णांच्या कपाळाला घाम आला होता. “मला दिसत नाही, सर,” मी म्हणाले.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. अंगठ्यानं बटण दाबलं. पडदा हिरवट झाला आणि त्यात, वळणाच्या जरा वर, एक छोटा गडद डाग उमटला. भिंतीला ओल येऊन वाळल्यावर कड राहते, तशी त्याला कड होती. साध्या उजेडात तिथं काहीच नव्हतं.

“रंगारी, राहू द्या,” डॉक्टर म्हणाले. “आज रंग मी सांगतो.” आणि नेहमीच्या थट्टेचा लवलेश नसलेल्या आवाजात, एकेक शब्द सुटा करत त्यांनी सांगितलं, “तपकिरी. कड स्पष्ट. लहान आहे. वरवरचं दिसतंय. चिमटा द्या.”

इतक्या वर्षांत पोटातल्या कशाचाही रंग त्यांनी स्वतः सांगितलेला मी पहिल्यांदा ऐकला. मी चिमटा दिला, त्यांनी तुकडा काढला.

तुकड्याचा रिपोर्ट आला. कॅन्सरच होता, पण अगदी सुरुवातीचा, वरच्या अस्तरातच बसलेला. डॉक्टर स्वतः आमच्याबरोबर पुण्याला आले. तिथं त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांनी पोटाला सुरी न लावता, दुर्बिणीतूनच तेवढं अस्तर सोलून काढलं. अण्णा चालत घरी आले. चुलत्यांना जे मिळालं नाही, ते माझ्या अण्णांना मिळालं. या एका गोष्टीसाठी मी त्या माणसाची जन्माची ऋणी आहे, आणि हे मी त्यांना कितीदा तरी सांगितलं. ते म्हणायचे, “अहो, बटणाला सांगा.”

दुर्बिणीच्याच दिवशी, घशातला बधिरपणा उतरल्यावर, अण्णांनी मला विचारलं होतं, “कुणी बगितलं ते?”

“डॉक्टरांनी.”

“त्यास्नी तर लाल दिसत न्हाय.”

“ते लाल नव्हतंच, अण्णा.”

त्या हिवाळ्यात अण्णांनी डॉक्टर आणि काकूंना हुरड्याला बोलावलंच. खाणं झाल्यावर डॉक्टर एकटेच बांधावर जाऊन उभे राहिले. आमच्याकडं शाळू ज्वारीत जनावर शिरू नये म्हणून कडेनं करडईच्या काटेरी ओळी लावतात. करडई ऐन फुलात होती. अण्णा मागोमाग गेले, आणि मी अण्णांच्या मागं.

“अण्णा, पिवळं मला दिसतं,” डॉक्टर म्हणाले. “त्याच्या पुढचं सांगा.”

अण्णांना आधी ती थट्टा वाटली. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग काट्यांतून अलगद एक बोंड धरून म्हणाले, “हे बगा, डाक्टरसाब, हे आज फुटलंय. हळदीवानी. हे परवाचं. ह्याच्यात देठाकडनं शेंदूर चढायलाय. आन् हे वाळत आलंय. हे लाल. कुकू भिजल्यावर व्हतंय तसं.”

डॉक्टरांनी डोळे मिटले होते. “म्हणजे म्हातारपणी लाल होतं होय?”

“व्हय. वाळताना लई लाल.”

“फार छान आहे,” डॉक्टर म्हणाले. ओळ संपेपर्यंत अण्णा एकेक फूल धरून सांगत गेले. आमच्या अण्णांना एवढं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. काकू लांबून पदर डोळ्यांना लावत होत्या.

पुढं डॉक्टर थकले. दवाखाना बंद करून पुण्याला लेकीकडं राहायला गेले. जायच्या आधी मला भेटायला, मी आता काम करते त्या मोठ्या दवाखान्यात आले. तिथं नवीन यंत्र आलं होतं. आत काही संशयास्पद दिसलं की ते पडद्यावर आपोआप चौकट काढतं आणि टिंग करून घंटी वाजवतं. डॉक्टरांनी खुर्ची ओढून ते कौतुकानं बघितलं. यंत्रानं चौकट काढल्याबरोबर पुढं वाकून विचारलं, “अहो, रंग?” यंत्र पुन्हा टिंग वाजलं. “हुशार आहे,” डॉक्टर म्हणाले, “पण लाजाळू आहे. तुम्ही शेजारी बसत जा, रंगारी.” आमचे तरुण डॉक्टर हसले. मी अजूनही त्या चौकटीत आपला डोळा घालून बघते आणि मनातल्या मनात रंग सांगते.

डॉक्टर पुण्याला गेल्यापासून दरवर्षी करडई फुलली की अण्णा त्यांना फोन करायचे. तब्येतीची चौकशी नाही, पाऊसपाणी नाही. धरणाच्या पलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात, “डाक्टरसाब, फुटली बरं का! यंदा जरा उशिरा. कडंची ओळ अजून हळदीवानीच हाय.” चार दिवसांनी शेंदूर चढल्याचा फोन, मग लाल झाल्याचा. तिकडून डॉक्टर काय म्हणायचे ते मला कधी ऐकू आलं नाही. पण अण्णा फोन ठेवून हसत बसायचे.

यंदा थंडी सुरू झाली आणि काकूंचा मला फोन आला. डॉक्टर गेले. झोपेतच, काही त्रास न होता. अण्णांना कसं सांगावं, ते मला सुचेना. शेवटी सरळ सांगितलं. “बरं,” एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला. आई म्हणाली, दिवसभर रानात बसून होते, जेवायलाही आले नाहीत.

परवा सकाळी ड्यूटीवर निघाले होते, तर अण्णांचा फोन. आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता.

“करडई फुटलीय गं,” ते म्हणाले. “बांधावरच हाय मी.” मागं वारा ऐकू येत होता. “आता कुणाला सांगू?”

मी रस्त्याच्या कडेला गाडी उभी केली. डोळे पुसले, पण ते पुन्हा भरून आले, तसेच राहू दिले.

“रंग?” मी विचारलं.